पहिल्या वर्गाचा रस्ता

ताईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की रविवारी येते आणि सगळे एका ठिकाणी हवेत. तेवढ्यावर घरात दोन तर्क लढवले गेले. काकूचा तर्क लग्नाचा होता, आत्याचा बदलीचा. दादांनी तर्क केला नाही. मुलगी येईल तेव्हा सांगेलच, असं म्हणून ते कारखान्यात निघून गेले.

जमायचं ठरलं ते काकांकडे, दुकानाच्या वरच्या खोलीत. आजोबांनी रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन जागा घेतल्या तेव्हा मधून फार तर हातगाड्या जायच्या. वाटणीत काचेच्या कारखान्याची जागा दादांकडे आली आणि दुकानाची काकांकडे. दादा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, कारखान्याच्या वर राहत, काका-काकू दुकानाच्या वर. काच तिकडे कापली जाई आणि इकडे विकली जाई. मोठा तुकडा असला की दोघे भाऊ तो उभा धरून रस्ता ओलांडत आणि वाहनं थांबत. वाटणीनंतर भावांमधलं बोलणं आटत गेलं होतं. पण काच नेताना ‘हां’, ‘थांब’, ‘चल’ एवढं तरी व्हायचंच.

ताई वर आली तेव्हा सगळे बसले होते. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत, म्हणजे जिथून रस्ता दोन्हीकडे दिसतो तिथे. दोघे भाऊ तिला अक्का म्हणत आणि तिच्या माघारी सेनापती.

“आधी सांगू की जेवून?” ताईने विचारलं.

“आधी,” आत्या म्हणाली. “वाईट बातमी रिकाम्या पोटी बरी.”

“वाईटच असेल कशावरून?” काकू म्हणाली.

“चांगली बातमी सांगायला हिने सगळ्यांना एका खोलीत कधी बोलावलंय का?”

ताई खाली बसली. नगरनियोजन कार्यालयात ती रस्त्यांच्या विभागात होती. शहरातल्या मोठ्या रस्त्यांची नव्याने वर्गवारी चालली होती. या कामाला दोन-अडीच वर्षं झाली होती आणि ते बहुतेक तिनेच पेललं होतं. काका तिला रस्त्यांची मास्तरीण म्हणत. कोण पहिला आला, कोण नापास झाला, असं विचारत. आज त्यांनी विचारलं नाही.

“आपला रस्ता पहिल्या वर्गात गेलाय,” ती म्हणाली. “मसुद्यात.”

मग दादा म्हणाले, “म्हणजे काय होईल?”

“पहिला वर्ग म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांचा रस्ता. मधे कुणी थांबायचं नाही. कडेला गाडी लावायची नाही. दुकानासमोर टेम्पो उभा करायचा नाही. आणि मधोमध दुभाजक, पुलापासून चौकापर्यंत सलग.”

“मधे कुठे फट?”

“नाही. ओलांडायचं फक्त दोन टोकांना, सिग्नलवर.”

दादांनी खिडकीतून समोर पाहिलं. कारखान्याचं दार उघडं होतं. तिथून इथपर्यंत यायला त्यांना पुलापर्यंत जाऊन परत यावं लागणार होतं, हातात काच घेऊन.

“आणि दुसऱ्या वर्गात असता तर?” त्यांनी विचारलं.

“तर आहे तसंच. दुसरा वर्ग म्हणजे वस्तीला वस्ती जोडणारा. त्यावर थांबणं, वळणं, ओलांडणं, सगळं धरलेलं असतं.”

“अशक्य आहे,” आत्या म्हणाली. ती खुर्चीत पुढे सरकली होती. “काहीतरी चूक आहे तुमची. त्या सोमवारी तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी इथेच बसून होते. मग पहिला वर्ग आला कुठून?”

ताईने तिच्याकडे वळून पाहिलं.

“कुठल्या सोमवारी?”

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

“आत्या, कुठल्या सोमवारी?”

“तुमची माणसं मोजायला बसली होती त्या.”

“मोजणीचा दिवस तुला कसा कळला? मला स्वतःला तेव्हा माहीत नव्हता. घर इथे म्हणून आमच्या विभागाच्या मॅडमनी या रस्त्याची मोजणी माझ्याकडे ठेवलीच नाही.”

“आदल्या दिवशी तुमचा एक माणूस आला होता,” काकू म्हणाली. “उद्या तुमच्या पायरीवर स्टूल ठेवू का, म्हणाला. दिवसभर बसायचंय, गाड्यांचे नंबर लिहायचेत. मी म्हटलं, ठेवा. पाणी लागलं तर मागा. आणि वन्संना सांगितलं. एवढंच.”

“एवढंच,” ताई म्हणाली. तिला आता ते आकडे आठवत होते. शहरातल्या सगळ्या रस्त्यांचे आकडे शेवटी नकाशावर तीच चढवत असे. या रस्त्याच्या आकड्यांत काहीतरी खटकलं होतं. कामाचा दिवस, आणि लाँड्रीसमोर एकही गाडी थांबलेली नाही, दंतवैद्याकडे एकही नाही. मोजणाऱ्यांनी आळस केला असावा असं तिला वाटलं होतं. म्हणून ती विचारायला आली होती, त्या सोमवारी कुणाकडे काही होतं का. ती बातमी सांगून झाल्यावर हळूच विचारणार होती.

“तू काय केलंस?”

आत्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

*

आत्याने जे केलं होतं त्याचा तिला आजच्या सकाळपर्यंत अभिमान होता.

तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कुणाला कुठल्या वेळी गाठायचं आणि किती शब्दांत पटवायचं हे तिला येत होतं. त्या रविवारी संध्याकाळी ती फोन घेऊन बसली. लाँड्रीवाल्याला म्हणाली, उद्या व्हॅन बाहेर काढू नकोस. दंतवैद्याला म्हणाली, पेशंट मंगळवारी बोलवा, दाढ एक दिवस थांबते. सुतार, शिंपी, शिकवणीवाल्या बाई, छपाईवाला, कुणीही सुटलं नाही. रस्ता रिकामा दिसला की तो लहान रस्ता ठरेल, आणि लहान रस्त्याला कुणी हात लावणार नाही, हे तिने प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाला पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

आणि सोमवारी रस्ता खरोखर शांत होता. खिडकीत बसून ती दिवसभर पाहत होती. कडेला एक गाडी नाही. तिच्या शब्दाला इतका मान असेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

आता ती हे सगळं सांगत होती आणि ताई मधे बोलत नव्हती. हेच आत्याला आवडलं नाही.

“तर मग?” शेवटी ती म्हणाली. “कमी गाड्या म्हणजे खालचा वर्ग. साधा हिशेब आहे.”

“गाड्या किती, हे आम्ही बघतच नाही,” ताई म्हणाली. “म्हणजे बघतो, पण वर्ग त्यावर ठरत नाही.”

ती उठली. कोपऱ्यात नमुन्याच्या काचांचा खोका होता. त्यातून तिने मूठभर तुकडे काढले आणि मधल्या टेबलावर ठेवले, काही साधे, काही रंगीत.

“हा आपला रस्ता. साध्या काचा म्हणजे पुलाकडून शिरून चौकातून बाहेर पडणाऱ्या गाड्या, आरपार जाणाऱ्या. त्यांना आपल्याशी काही घेणं नाही. रंगीत म्हणजे इथे थांबणाऱ्या. लाँड्रीची व्हॅन, पेशंट, तुमची गिऱ्हाइकं. दोन्ही टोकांना माणसं बसतात आणि नंबर लिहितात, मधे बसलेला एक जण थांबणाऱ्यांचे. जो नंबर इकडे दिसला आणि लगेच तिकडेही दिसला, तो आरपार. एकूण गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त आरपार असतील तर रस्ता पहिल्या वर्गाचा. रस्ता वापरतं कोण, एवढंच आम्ही विचारतो. इथले लोक की बाहेरचे.”

मग तिने रंगीत तुकडे एकेक करून उचलले आणि परत खोक्यात टाकले.

“हा तुझा सोमवार.”

टेबलावर साध्या काचा तेवढ्या उरल्या होत्या.

काका हसले. त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. “अक्का, तू तर रस्ता पहिल्या नंबराने पास केलास.”

“तू गप्प बस,” आत्या म्हणाली. “तूही त्या दिवशी टेम्पो सांगितला नव्हतास.”

“तू सांगितलंस म्हणून.”

आत्या टेबलाकडे पाहत राहिली. समजायला अवघड काहीच नव्हतं. इतकं सोपं होतं की कुणी आधी विचारलं असतं तर तिला स्वतःलाच सुचलं असतं. सगळ्या रस्त्याने तिचं ऐकलं, हीच खरी अडचण झाली होती. निम्म्यांनी ऐकलं नसतं तर कदाचित रस्ता वाचला असता.

“बरं,” ती म्हणाली. तिचा आवाज कामाला लागला होता. “आकडे तुझ्याच हातात आहेत ना? मग तूच दुरुस्त कर. कुणाकडे रोज किती गाड्या येतात ते मी तुला आत्ता बसून सांगते. त्या आकड्यांत मिळव. त्यात खोटं काही नाही. आहे तेच आहे.”

“आत्या, तू सांगितलेल्या गाड्या मी कशा मिळवू?”

“मी खोटं सांगेन का?”

“तू खरंच सांगशील. पण ती मोजणी होणार नाही. ती तुझी आठवण होईल.”

“मग गप्प बस आणि कुणाला काही बोलू नकोस. आम्ही रस्त्यावरचे सगळे मिळून हरकत घेऊ. तुझं नाव कुठे येणार नाही.”

“मसुदा उद्या संध्याकाळी बंद होतो.”

“मग उद्या सकाळी घेऊ.”

“खरं काय आहे?” दादा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“म्हणजे?” ताईने विचारलं.

“त्या दिवशी अक्काने काही केलं नसतं तर कुठला वर्ग आला असता?”

“माहीत नाही, बाबा. तेच तर झालंय. निम्म्याच्या अलीकडे आला असता की पलीकडे, हे आता कुणालाच माहीत नाही. पूल झाल्यापासून आरपारची वाहनं वाढलीच आहेत. कदाचित पहिलाच आला असता.”

“मग परत मोजायला लागेल.”

“हो. त्यासाठी मला मॅडमना सांगावं लागेल की ही मोजणी बिघडलेली आहे, आणि ती माझ्याच घरच्यांनी बिघडवली.”

“आणि मग तुझं?”

ताईने उरलेल्या काचा खोक्यात टाकल्या. “नकाशा माझ्याकडून काढून घेतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही काढून घेतला असता.”

*

काकूने या सगळ्या वेळात दोनदा चहा केला होता आणि दोन्ही वेळा तो कुणी गरम असताना प्यायला नव्हता. ती आता दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला वाटत होतं, आता बोललं नाही तर मग कधीच बोलता येणार नाही.

या घरात तिला काही त्रास झाला होता असं ती म्हणाली नसती. माणसं चांगली होती. नणंद अंगावर धावून येई, पण मनात ठेवत नसे. प्रश्न काचेचा होता. काचेचे कण दुकानातून जिना चढून वर येत. कपड्यांच्या शिवणीत असत, अंथरुणात असत, केराच्या सुपलीत चमकत. रोज दोन वेळा केर काढूनही ते संपत नसत. मुलगा रांगायला लागला तेव्हा तिने त्याला माहेरी ठेवलं होतं. तो चालायला शिकला ते तिने पाहिलं नाही.

“परत मोजायची काय गरज आहे?” ती म्हणाली.

आत्या म्हणाली, “ऐकलं नाहीस का तू? मोजणी चुकलीये.”

“ऐकलं. पहिला वर्ग आलाय, येऊ दे ना. वाईट काय आहे त्यात? पहिल्या वर्गाच्या रस्त्यावर वरचे मजले चढवायला परवानगी मिळते. ही जागा बिल्डरला दिली तर आपल्याला वर चांगलं घर मिळेल. काचेचं दुकान काय, कुठेही चालतं.”

“कुणाच्या डोक्यातून आलं हे?” आत्याने विचारलं. तिने काकांकडे पाहिलं. काका खिडकीतून बाहेर पाहत होते.

“माझ्या,” काकू म्हणाली. “वर्गवारी सुरू करताना सूचना मागवल्या होत्या ना ऑफिसने, तेव्हाच आपला रस्ता पहिल्या वर्गात घ्यायला आम्ही पाठिंबा कळवलाय. दोघांच्या सहीने.”

“दोघांच्या?” दादा म्हणाले.

काकूने मान हलवली.

“तू पाठिंबा दिलास,” दादा धाकट्या भावाला म्हणाले, “आणि त्या सोमवारी टेम्पोही बंद ठेवलास?”

“अक्काने सांगितलं म्हणून टेम्पो बंद ठेवला,” काका म्हणाले. “हिने सांगितलं म्हणून सही केली.”

“आणि तुला स्वतःला काय हवंय?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“मी विचारतोय आता.”

काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांना सवयच नव्हती.

“अहो, बोला की,” काकू म्हणाली. मग तिला त्यांच्या वाटचंही बोलावं लागलं, नेहमीप्रमाणे. “दादा, तुमच्या विरुद्ध काही नाही यात. पण मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घरात अनवाणी चाललेले नाही. एक पाऊलसुद्धा. तुम्हाला माहीत होतं का?”

दादांना माहीत नव्हतं. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग, ते बरं दिसत नाही हे लक्षात येऊन, नजर काढून घेतली. ते स्वतः कारखान्यात जाड बूट घालत. घरात काय होतं हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

“मला सांगायचं होतंस,” आत्या म्हणाली.

“वन्सं, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या रस्त्याला फोन केले असते.”

ताई म्हणाली, “काकू, तुला पहिला वर्ग हवा असेल तर तो मागायचा तुला हक्क आहे. पण तोही खऱ्या मोजणीवर मिळायला हवा.”

“आणि खऱ्या मोजणीत नाही आला तर?”

“तर नाही आला.”

“तुझं बरंय. तू इथे राहत नाहीस.”

हे खरं होतं आणि ताईने ते मान्य केल्यासारखी मान हलवली. मग ती म्हणाली, “मी उद्या मॅडमना सांगणार आहे. पण त्यांनी मानलं नाही तर मला नवल वाटणार नाही. त्यांच्या जागेवरून बघा. वर्ग माझ्या बाबांच्या गैरसोयीचा आलाय, आणि मी सांगतेय की आकडा चुकीचा आहे. रस्त्यावरच्या कुणीही सांगितलं तरी तेच. ज्याला ज्याला सोमवार माहीत आहे, त्याला त्याला हा वर्ग नकोच आहे.”

ती एवढं बोलली आणि थांबली. पुढचं वाक्य तिने उच्चारलं नाही. पण ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. रस्त्यावर एकच घर होतं ज्याला सोमवारही माहीत होता आणि पहिला वर्गही हवा होता.

काकूने नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही कुठेही जायचं नाही,” ती म्हणाली.

“बरं,” काका म्हणाले.

दादा उठले. “जेवायला वाढा,” ते म्हणाले. “आणि त्याला कुणी काही सांगू नका. अक्का, तूही नाही. त्याला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलंच आहे.”

*

सोमवारी सकाळी काकांनी दुकान उघडलं, पायरी झाडली, आणि मग शटर परत खाली ओढलं. काकूने वरून विचारलं, कुठे निघालात. ते म्हणाले, आलोच.

नगरनियोजन कार्यालयात ते पूर्वी कधी गेले नव्हते. दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा होता. भिंतींवर शहराचे नकाशे लावलेले होते आणि त्यांवर रस्ते लाल, निळ्या आणि करड्या रेघांनी काढलेले होते. आपला रस्ता त्यांना सापडला नाही. पूल सापडला, चौक सापडला, मधली रेघ कुठली ते कळेना. घराच्या दारातून दिसतो त्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

ताई मॅडमच्या खोलीतच होती. दार उघडून काका आत आले तेव्हा तिचं बोलून झालेलं असावं, कारण दोघी गप्प होत्या. मॅडम मध्यम वयाच्या होत्या आणि त्यांच्यासमोर चहाचा कप झाकून ठेवलेला होता.

“हे माझे काका,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं आणि ते तिला लपवता आलं नाही.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “यांनी पाठवलं तुम्हाला?”

“नाही. मला आज कुणी पाठवलेलं नाही.”

“तुमचं काय म्हणणं आहे?”

काकांनी त्या सोमवारचं सगळं सांगितलं. कोणी कोणाला फोन केले, लाँड्रीची व्हॅन, दंतवैद्याचे पेशंट, स्वतःचा टेम्पो. बहिणीचं नाव त्यांनी वगळलं नाही आणि स्वतःचंही नाही. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की सलग इतकं आपण कित्येक वर्षांत बोललेलो नाही.

मॅडमनी बाजूचा गठ्ठा उलगडून एक कागद पाहिला. “पहिल्या वर्गाला पाठिंबा म्हणून तुमची सही आहे.”

“आहे.”

“म्हणजे हा आकडा तुमच्या फायद्याचा आहे.”

“हो. बायकोला घर मिळेल त्यातून. चांगलं घर. तिला ते मिळायला पाहिजे, असं माझंही मत आहे.”

“मग तुम्ही का आलात?”

काकांनी जरा विचार केला. “आमच्याकडे माप चुकलं की ती काच गिऱ्हाइकाला देत नाहीत. बरोबर बसेल अशी खिडकी त्याच्याकडे असेलही कदाचित. पण देत नाहीत.”

मॅडमनी कपावरचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि परत ठेवलं.

“परत मोजलं आणि पुन्हा पहिलाच वर्ग आला तर?”

“तर घ्यायचा.”

“आणि तुमचे भाऊ?”

“त्यालाही घ्यावा लागेल.”

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या ताईकडे वळल्या. “या रस्त्याला वगळून बाकीचा मसुदा आज पाठवू. मोजणी पुन्हा होईल. आणि नकाशा तुम्ही आजच दुसऱ्या कुणाकडे सोपवा. संपूर्ण नकाशा, हा एक रस्ता नव्हे.”

“हो,” ताई म्हणाली.

“काम चांगलं केलंय तुम्ही. पण आता हा नकाशा तुमच्या नावाने बाहेर गेला, तर लोक दुसरं काही बघणार नाहीत.”

“माहीत आहे मला.”

बाहेर व्हरांड्यात ताई भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहिली आणि तिने काकांना बोटाने त्यांचा रस्ता दाखवला. ती निळी रेघ होती, दुसऱ्या वर्गाची. जुना नकाशा होता तो.

“नवीन तू काढलास त्यात कसा दिसतो?” काकांनी विचारलं.

“लाल.” मग ती म्हणाली, “आता मला परत बघायला मिळायचा नाही.”

काकांना काही बोलावंसं वाटलं, पण आजचा साठा संपला होता. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हाताला काच लागलेली असेल म्हणून लगेच काढून घेतला.

काका घरी आले तेव्हा वरच्या खोलीत काकू आणि आत्या दोघी होत्या. दोघींचं आपसात बोलणं चाललेलं होतं असं दिसलं, जे काल शक्य वाटलं नसतं. त्यांना पाहून दोघी थांबल्या.

“जाऊन आलात,” काकू म्हणाली.

“हो.”

“मला विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते.”

“म्हणूनच विचारलं नाही.”

आत्याने विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

“परत मोजणार.”

“कधी?”

“ते सांगणार नाहीत. या वेळी स्टूलसुद्धा मागायला येणार नाहीत. कुठूनतरी मोजतील.”

“मग आपण काय करायचं?”

“काही नाही. नेहमीसारखं राहायचं.”

“किती दिवस?”

“मोजणी होईपर्यंत. ती कधी झाली हे कळणार नाही, म्हणजे रोजच.”

सगळ्या रस्त्याला फोन करून ‘नेहमीसारखे वागा’ असं सांगावं का, हा विचार आत्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला आणि तो येऊन गेला हे दोघांनाही दिसलं.

“अक्का, फोन नाही,” काका म्हणाले.

“मी कुठे काही म्हटलं?”

काकू म्हणाली, “मीही नेहमीसारखंच वागायचं का?”

“हो.”

“मग नेहमी असं काही झालं की मी चार-पाच दिवस तुमच्याशी बोलत नाही. आजपासून धरा.” ती आत गेली. मग दारातून परत वळून म्हणाली, “आणि पुन्हा पहिला वर्ग आला तर घर मी निवडणार. तुम्ही नाही, वन्सं नाहीत, मी.”

“बरं,” काका म्हणाले. पण या वेळी तो शब्द त्यांनी तिच्याकडे पाहून म्हटला.

दुपारी दादांनी पलीकडून हात केला. काका रस्ता ओलांडून कारखान्यात गेले. दादांनी झालं का म्हणून विचारलं नाही. ताईचा फोन आला असावा. आरसा करायची एक मोठी काच भिंतीला टेकवून ठेवली होती. दोघांनी हातमोजे चढवले, ती उचलली आणि दाराबाहेर येऊन कडेला उभे राहिले. गाड्या पुलाकडून येत होत्या आणि चौकाकडे जात होत्या. काही लाँड्रीसमोर वळत होत्या.

दंतवैद्याच्या पायरीवर एक अनोळखी माणूस उगाच उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. तो रस्त्याकडे पाहत होता.

“तोच असेल का रे?” दादा म्हणाले.

काकांनी काचेतून पलीकडे पाहिलं.

“असू दे,” ते म्हणाले. “टेम्पो गेला की चल.”